पद्मिनीचं पुढचं काम: गाडी उघडण्याआधी भाव सांगू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी बोलता बोलता सांगून गेलो की जुन्या गाडीच्या कामाचा भाव फोनवर द्यायचा नाही. कारण सांगायला वेळ उरला नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना गॅरेज टाकायचं आहे, त्यातही क्लासिक गाड्यांच्या कामात उतरायचं आहे, त्यांनी हे सावकाश वाचा. गॅरेज सोडून दुसरा धंदा असेल तरी हिशोबाचा भाग तुमच्या कामाचा आहे.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट आहे. कोल्हापूरकडचा. नाव लिहीत नाही, पण लिहू का म्हणून त्याला विचारलंय. आठ वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काम केलं, हात चांगला आहे, मग स्वतःची शेड भाड्याने घेतली. महिना ९,००० भाडं. एक दिवस फोन आला. "वडिलांची पद्मिनी आहे, बरीच वर्षं उभी होती. इंजिन चालू झालंय. पुढून खडखड आवाज येतो आणि ब्रेक लागत नाहीत. सगळं मिळून किती होतील?"

आणि ह्याने उचलली जीभ, लावली टाळ्याला. "बावीस हजारात करून देतो साहेब."

हा आकडा त्याने अगदीच हवेतून काढला नव्हता. डोक्यात हिशोब केला होता. दोन्ही बाजूंचं किंग पिन किट ३,५००. लेथवाल्याकडे बुश बसवणं आणि रीमर मारणं १,५००. चारही चाकांच्या ब्रेक शूंना नवीन लायनर २,४००. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे रबर किट १,६००. बेअरिंग, ग्रीस, ब्रेक ऑइल, स्प्लिट पिना असं बारीकसारीक २,५००. एकूण ११,५००. बावीस हजारातून ते गेले की १०,५०० मजुरी. पाच दिवसांचं काम. हिशोब वाईट होता का? नाही. चालत्या गाडीसाठी बरोबर होता. पण ही गाडी चालती नव्हती, उभी होती.

ड्रम उघडल्यावर काय निघालं ते ऐका. एका बाजूचा ड्रम आधीच कुणीतरी लेथवर इतका खाऊन टाकला होता की आणखी टर्निंगला जागाच नव्हती. तसा दुसरा, जुनाच पण बरा ड्रम शोधला आणि जोडी सारखी करायला दोन्ही टर्निंग करून घेतले, ४,०००. पुढचे दोन्ही व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले, नवीन घेतले, २,८००. तीन रबरी होज १,५००. पाइप सोडवताना नटाबरोबर पिळून तुटला, मग पाइपच नवीन, १,९००. एका बाजूचा किंग पिनचा बुश जागेवर फिरून त्याने स्वतःचं घर मोठं केलेलं, ते लेथवर दुरुस्त करायला १,४००. कुरिअर, एसटी आणि पेट्रोल १,२००. जास्तीचे १२,८००.

म्हणजे सामान आणि बाहेरची कामं मिळून २४,३०० गेले. हातात आले २२,०००. स्वतःची मजुरी शून्य आणि वर खिशातले २,३००. पाच दिवसांऐवजी गाडी १९ दिवस शेडमध्ये उभी. त्या १९ दिवसांत जागेअभावी परत पाठवलेल्या दोन-तीन सर्व्हिसिंगचा हिशोब तर त्याने धरलाच नाही.

मी त्याला विचारलं, "जास्तीचे मागितले का नाहीस?" तो म्हणाला, "सर, शब्द दिला होता."

शब्द पाळला हे चांगलंच केलं. पण शब्द कशाला द्यायचा हे शिकायला पाहिजे, आणि त्यासाठी आधी हे काम नेमकं काय असतं ते समजून घ्यायला पाहिजे.

पद्मिनीच का

वालचंद हिराचंद, आपल्या सोलापूरचे, त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० तयार व्हायची, तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच डोळ्यांसमोर येते. आज महाराष्ट्रात घराच्या मागे ताडपत्री टाकून ठेवलेली जुनी गाडी बघायला गेलात तर बहुतेक वेळा पद्मिनी नाहीतर अँबेसेडर निघते. मालकाला ती विकायची नसते. वडिलांची असते, लग्नात घेतलेली असते. असं गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस कमी करतं, पण फसवलं गेल्याची शंका आली तर कायमचं तुटतं. हे लक्षात ठेवा.

पुढच्या चाकांची रचना साधी आहे. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, ज्याला विशबोन म्हणतात. कॉइल स्प्रिंग, शॉकअप, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार. चाक ज्याच्यावर बसतं तो स्टब ॲक्सल किंग पिनवर वळतो. आजच्या गाड्यांत तिथे बॉल जॉइंट असतो. ब्रेक ड्रमचे, हायड्रॉलिक. अँबेसेडरला पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो, आणि मूळ गाडी इंग्लंडची असल्यामुळे जुन्या मॉडेलला इंचातले पाने लागतात. म्हणून दोन्हींचं काम एकदम सुरू करू नका. एका गाडीत हात बसू द्या.

उघडण्याआधीची तपासणी

गाडी जॅकवर उचलायची आणि घोडीवर, म्हणजे स्टँडवर, टेकवायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. विटा आणि लाकडाचे ठोकळे लावणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडून कसब शिका, ही सवय घेऊ नका.

चाक वर आणि खाली धरून हलवा. ढिलाई लागली तर ती बेअरिंगची की किंग पिनची? इथे बरेच जण अंदाज करतात. त्याची गरज नाही. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब ॲक्सल एक होतात, मधला बेअरिंग हिशोबातून बाहेर जातो. ढिलाई गेली तर बेअरिंगची होती. तशीच राहिली तर किंग पिनची किंवा आर्मच्या बुशची. अर्थात ब्रेक लागतच नसतील, आपल्या मुलाच्या गाडीसारखे, तर ही युक्ती चालत नाही. मग हबचा नट तात्पुरता घट्ट करून बघायचं आणि नंतर आठवणीने परत सैल करायचं.

चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड एंड आणि स्टिअरिंग बॉक्सची ढिलाई कळते. ब्रेक पेडल स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. पण एवढ्यावरही भाव सांगता येत नाही, कारण महागडे दोष ड्रमच्या आत असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसंच.

उघडल्यावर: पैसे कुठे जातात

पहिलं म्हणजे धूळ. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. कंप्रेसरची हवा मारून ड्रम साफ करू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका. फुफ्फुसाच्या आजाराचं बिल वीस-तीस वर्षांनी येतं.

दुसरं म्हणजे स्प्रिंग. आर्ममध्ये दाबून बसलेली कॉइल स्प्रिंग म्हणजे भरलेली बंदूक आहे. स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर ते काम त्या दिवशी करू नका. पहिल्या भांडवलात रंगीत बोर्ड नसला तरी चालेल, पण स्प्रिंग कंप्रेसर, चांगल्या चार घोड्या आणि टॉर्क रेंच हवेत.

आता किंग पिन. बाजारातून किट आणलं, जुना बुश ठोकून काढला, नवा ठोकून बसवला, एवढ्याने होत नाही. बुश दाबून बसवल्यावर आतून थोडा आवळतो. मग रीमर मारून तो पिनेच्या मापाला आणायचा असतो, आणि वरचा व खालचा बुश एका रेषेत यायला रीमर दोन्हींतून एकदम गेला पाहिजे. वेगवेगळा मारला तर पिन अडकते, स्टिअरिंग जड होतं, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा ढिलाई. पिन हाताच्या दाबाने गेली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. वर-खालची ढिलाई शिम टाकून काढतात. हे काम चांगल्या लेथवाल्याचं आहे. कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगरात असे कारागीर मिळतात, तुमच्या गावात कोण आहे ते गाडी यायच्या आधी शोधून ठेवा. आणि त्याच्याशी भाव पाडून बोलू नका. त्याचा हात बिघडला तर तुमचं नाव जातं.

ग्रीस निपल बंद असेल तर बदला, चाळीस-पन्नास रुपयांसाठी नवी पिन कोरडी ठेवू नका. ग्रीस मारताना चाक जमिनीवरून उचललेलं असू द्या, म्हणजे भार नसलेल्या पिनेच्या सगळ्या बाजूंनी ग्रीस पोचतं. कडेने ताजं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा.

आर्मना जिथे रबरी बुश असतात, तिथे एक चूक सर्रास होते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण घट्ट केले जातात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढचा भाग दाबून चार वेळा हलवा आणि मग शेवटचं आवळा. यात खर्च एक रुपयाही नाही.

आता ब्रेक. उभ्या गाडीत सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. साधं ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते पाणी सिलिंडरच्या आत गंज धरतं. व्हील सिलिंडर उघडा, आत नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा आहे. नुसते डाग असतील तर होनिंग करून चालतं, पण खड्ड्यावर नवीन रबर टाकलं तर ते महिन्या-दोन महिन्यांत फाटून गळायला लागतं. मग सिलिंडर नवीन घ्यायचा, किंवा मिळतच नसेल तर पितळेची नाहीतर स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह टाकून घ्यायची.

रबराचे कप पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नका. इंजिन ऑइलचा हातही लावू नका, ते रबर फुगतं. धुवायला ब्रेक ऑइलच वापरा. आणि हेच ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलून घेतं. गिऱ्हाइकाने नुकताच हजारोंचा पेंट मारून घेतलेला असतो, एका सांडलेल्या वाटीत तुमची पूर्ण मजुरी जाते. बोनेटवर आणि मडगार्डवर जाड कापड टाका, शेजारी पाण्याची बाटली ठेवा. सांडलं तर लगेच भरपूर पाणी.

होज तपासत बसू नका, बदला. बाहेरून ठीक दिसणारा जुना होज आतून फुगतो. पेडल दाबलं की जोराने तेल जातं, पण सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. मिस्त्री शूची सेटिंग करत बसतो, दोष होजमध्ये असतो. लोखंडी पाइपचंही तसंच. नट गंजून पाइपला चिकटलेला असतो, पिळला की पाइप तुटतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, फ्लेअर नटचा खाचेचा पाना वापरा, आणि तरीही एस्टिमेटमध्ये पाइप धराच.

ड्रमचा कमाल व्यास मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. टर्निंग करून त्याच्या पुढे जायचं नाही. एका बाजूला टर्निंग केलं तर दुसऱ्या बाजूलाही त्याच मापाचं करा, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. लायनरही जोडीनेच. तेल प्यालेलं लायनर पॉलिश पेपरने घासून परत लावणारे आहेत. ते काम घेऊ नका.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगायलाच हवी. बऱ्याच जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांना एकच लाइन असते. आजच्या गाड्यांत दोन वेगळे भाग असतात, एक गेला तरी दुसरा थोडाफार थांबवतो. जुन्या गाडीत एका चाकाचा एक रबर फाटला की चारही ब्रेक गेले. उरतो फक्त हँडब्रेक, तोही मागच्या चाकांचा. म्हणूनच "फक्त शू बदला" हे काम नसतं.

हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि जवळ येत जा. मधेच टाकी रिकामी होऊ देऊ नका. बाटलीत निघालेलं ऑइल परत ओतू नका. चाकाच्या बेअरिंगची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे, स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन. शेवटी व्हील अलाइनमेंट, कारण किंग पिन आणि बुश बदलल्यावर आधीचं माप राहत नाही.

मग भाव कसा द्यायचा

दोन टप्प्यांत. फोनवर एवढंच सांगायचं, "साहेब, आधी गाडी उघडून बघावी लागेल. त्याचे २,५०० होतील. दोन दिवसांत सगळं मोजून, फोटोसकट तुमच्या हातात एस्टिमेट देतो. मग करायचं की नाही ते तुम्ही ठरवा." आकडा तुमच्या गावाप्रमाणे कमी-जास्त करा. बरेच जण म्हणतात, काम दिलं तर ही फी बिलातून वजा करा. मी करत नाही म्हणून सांगा. चारही चाकं उघडणं, धुणं, मोजणं हे काम आहे, ती मेहेरबानी नव्हे. जो माणूस २,५०० ऐकून फोन ठेवतो, तो पुढे १२,८०० ऐकून काय करेल?

एस्टिमेट तीन भागांत लिहा. पहिल्यात जे नक्की बदलायचंच: होज, रबर, लायनर, किंग पिन किट, ब्रेक ऑइल. दुसऱ्यात जे मोजल्यावर बदलावं लागणार आहे, प्रत्येकासमोर माप आणि फोटो. तिसऱ्यात जे सुटं करतानाच कळेल, उदाहरणार्थ बुशचं घर किंवा मागचा लांब पाइप, आणि त्यासाठी एक कमाल रक्कम. तिच्या आत तुम्ही काम करून फोटो पाठवायचा, तिच्या वर गेलं की आधी फोन, मग काम. होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी "करा करा" म्हणणारा माणूस बिलाच्या दिवशी वेगळा असतो.

मजुरी वेगळी लिहा. सामानात लपवू नका, कारण गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी किटची किंमत मोबाइलवर बघतो. सामानावर तुमचं मार्जिन असणारच, शोधाशोध तुम्हीच करता, पण ते सांगता येईल एवढं असावं. ॲडव्हान्स सामानाच्या पूर्ण रकमेचा. कुणाच्या ब्रेक शूसाठी तुमच्या घरातले पैसे अडकवायचे नाहीत.

आणि दिवसांचा भाव धरा. ९,००० भाड्याच्या शेडमध्ये दोन गाड्या मावत असतील तर एका गाडीच्या जागेचे दिवसाला १५० झाले, लाइट आणि मदतनीसाचा पगार वेगळा. पार्ट येईपर्यंत गाडी लोंबकळत ठेवू नका. मोजून झालं की चाकं परत लावून ती ढकलत एका बाजूला नेता आली पाहिजे.

सामानाचा प्रश्न

मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचं सामान कुर्ल्याला, ऑपेरा हाउसला हातासरशी मिळायचं, कारण रोजचा खप होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता जे मिळतं ते जुना स्टॉक किंवा नव्याने बनवलेले पार्ट. जुन्या स्टॉकमधलं रबर डबाबंद असलं तरी म्हातारं झालेलं असतं, वाकवून बघा, चीर दिसली तर परत. नव्याने बनवलेल्या किंग पिनेचं माप घेतल्याशिवाय लेथवाल्याकडे बुश पाठवू नका. चांगला ड्रम, चांगला स्टब ॲक्सल दिसला तर काम नसतानाही घेऊन ठेवा. पण याच्या नादात शेडचं भंगाराचं दुकान करू नका, वर्षाला अमुक रक्कम असं ठरवून तेवढंच.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. गाडी ताब्यात घेताना आरसी आणि इन्शुरन्सचा फोटो काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती संपलेली असेल, किंवा विमा नसेल, तर टेस्टला रस्त्यावर जाऊ नका. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण त्या गाडीचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. लग्नाला भाड्याने देऊ म्हणणाऱ्या मालकाला हे आधीच सांगा.

नाही म्हणायची वेळ

त्या मुलाकडे नंतर दुसरी पद्मिनी आली. यावेळी त्याने २,५०० घेतले, उघडली, एस्टिमेट दिलं ३८,४००. मालक म्हणाले, "एवढं नको. शू टाका, हवा काढा, चालू करून द्या. गणपतीला गावी न्यायची आहे." गाव गगनबावडा घाटाच्या खाली. दोन सिलिंडरना खड्डे, होज फुगलेले.

त्याने मला फोन केला. "सर, लिहून घेऊ का, की मालकाच्या जबाबदारीवर काम केलं म्हणून?"

मी त्याला म्हटलं, कागद लिहून घेतलास तरी घाटात गाडीत माणसंच बसलेली असणार. गाडी घाटात सुटली तर तो कागद कुणाला दाखवणार आहेस? चाकं लाव, गाडी ढकलता येईल अशी कर, आणि टोइंगवर चढवून दे. एस्टिमेटची एक प्रत सोबत दे. फी ठेव, ती कमावलेली आहे.

त्याने तसंच केलं. मालक चिडून गेले. त्या दिवशी मुलाला वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं, कारण त्या महिन्याचं भाडं थकलेलं होतं. नवरात्राच्या आसपास तीच गाडी त्याच टोइंगवरून परत आली. मधे मालकांनी आणखी दोन गॅरेजांत फोटो दाखवले होते म्हणे. एस्टिमेट तेच राहिलं, फक्त कमाल रकमेच्या भागातले २,२०० वाचले, कारण मागचा पाइप चांगला निघाला. ते त्याने बिलात दाखवून कमी केले.

गाडी देताना काय करायचं तेही सांगतो. काढलेले सगळे जुने पार्ट खोक्यात घालून डिकीत ठेवा, मालकाने टाकून दिले तरी चालेल. पहिली टेस्ट आवारात, चालण्याच्या वेगाने, आधी हँडब्रेक लागतो का बघून. मग मोकळ्या रस्त्यावर, वेग थोडा थोडा वाढवत, एका बाजूला ओढते का ते बघत. मालकाला शेजारी बसवून एक फेरी मारा. नवीन लायनर बसायला वेळ लागतो, पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारू नका आणि घाट टाळा, हे बिलावर लिहून द्या. आणि ५०० किलोमीटरनंतरची तपासणी, म्हणजे बोल्ट पुन्हा आवळणं, शूची सेटिंग, गळती आणि ऑइलची पातळी, त्याच एस्टिमेटमध्ये धरलेली असू द्या. तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहा आणि फोनही तुम्हीच करा. त्या मुलाने केला, तेव्हा मालक गाडी घेऊन आले ते शेजारच्यांची अँबेसेडर दाखवायला त्यांनाही सोबत घेऊनच. त्याने अँबेसेडरचं काम अजून घेतलेलं नाही. इंचातले पाने जमवतोय.